अंडं वाट बघतं

"आई, पहिलं अंडं हिने सोमवारी घातलं आणि शेवटचं पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, मग पिल्लं सगळी एकाच दिवशी कशी काय आली?"

गेल्या श्रावणातली गोष्ट. गोव्यात पेडण्याला माहेरी मागच्या पडवीत आम्ही दोघी टोपलीसमोर उकिडव्या बसलेलो, बाहेर पाऊस, आणि आमच्या तांबडी कोंबडीच्या पोटाखालून ओली ओली डोकी बाहेर येत होती. लेकीने दिवस बोटांवर मोजले आणि हा प्रश्न टाकला. मी तिला म्हटलं, अगं कोंबडी त्यावर बसेपर्यंत अंडं वाढतच नाही, ते थांबून राहतं. तिला तेवढं पुरलं, ती पिल्लं बघायला लागली. मला मात्र पुरलं नाही. मी अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते, भ्रूणाची वाढ दरवर्षी फळ्यावर काढते, झायगोट म्हणजे फलित झालेली एक पेशी, मग दोन पेशी, मग चार, मग आठ, बाण बाण बाण, आणि त्या बाणांमध्ये थांबणं हा प्रकार मी कधी दाखवलेलाच नाही. शिकवताना वाटतं की एकदा सुरू झालं की ते गाडीसारखं सुटतं. प्रत्यक्षात निसर्गात किती तरी गर्भ मध्येच थांबतात, आणि थांबतात तेही कुठेही नाही, ठराविक जागी. त्याबद्दल खूप दिवस लिहायचं मनात होतं.

आधी कोंबडीचंच घेते कारण ते घरचं आहे.

बहुतेकांना वाटतं की अंडं घातलं तेव्हा वाढ सुरू होते. तसं नाही. गावठी कोंबडीचं, म्हणजे जिच्याबरोबर कोंबडा आहे तिचं अंडं आपल्या हातात येतं तेव्हा आतल्या गर्भाचं वय जवळजवळ एक दिवस असतं. बलक अंडाशयातून सुटला की लगेच, वरच्या नरसाळ्यासारख्या भागातच फलन होतं, मग पुढे साधारण तीन तासांत त्याच्याभोवती पांढरं चढतं, मग तासाभरात आतली पातळ सालं, आणि मग कवच चढायला तब्बल २० तास. हे सगळं बाहेरून चाललेलं असताना आत बलकावरच्या एका छोट्या पांढऱ्या ठिपक्यात पेशी फुटत असतात. आख्खा बलक फुटत नाही हां, तो एवढा मोठा की त्याला चिरणं शक्यच नाही, तो नुसता शिधा. फुटतो तो फक्त वरचा ठिपका, दोन-तीन मिलिमीटरचा. अंडं घातलं जातं तेव्हा त्या ठिपक्यात ४० ते ६० हजार पेशी तयार असतात.

आणि तिथे ते थांबतं.

पुढच्या वेळी गावठी अंडं फोडाल तेव्हा ताटलीत अलगद फोडा आणि बलकावर तो ठिपका शोधा. ठिपक्याच्या मधला भाग जरा पारदर्शक आणि बाहेर पांढरं कडं दिसलं, बांगडीसारखं, तर ते फलित अंडं. पोल्ट्रीच्या ट्रेमधल्या अंड्यात कडं दिसत नाही, नुसता लहान भरीव ठिपका दिसतो, कारण तिथे कोंबडाच नसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या गावठी अंड्यांत मी हे कित्येकदा दाखवलंय, आधी घरी मग वर्गात, आणि मुलं ज्या नजरेने बघतात ना ती नजर बाणांच्या आकृतीला कधी मिळत नाही.

थांबतं ते थंडीमुळे. कोंबडीच्या पोटात ४०-४१ अंश, बाहेर आल्यावर अंडं गार पडतं आणि पेशींचं काम बंद होतं. मरत नाही, बंद होतं. कोंबडी रोज एक, मध्ये एखादा दिवस खाडा, असं करत दहा-बारा अंडी जमवते आणि मग खुडूक होते, बसते, आणि सगळ्या अंड्यांना एकाच दिवशी ३७-३८ अंशांची ऊब मिळते. सगळ्यांचं घड्याळ त्याच दिवशी सुरू. म्हणून २१ दिवस हे अंडं घातल्यापासून मोजायचे नाहीत, कोंबडी बसल्यापासून मोजायचे, आणि हे आमच्या आजीला कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं.

आजी अंडी कुठे ठेवायची ते सांगते. माठाखाली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ वाळूवर बसवलेला असायचा, पाझरून ती वाळू कायम ओलसर, आणि त्या वाळूच्या कडेला एका लहान मडक्यात भाताचा कोंडा घालून त्यात अंडी. कुणी दुसरीकडे ठेवली तर ओरडायची, "तांतयां थंड जाग्यार दवर गो!" (अंडी थंड जागी ठेव गं!) मला लहानपणी वाटायचं खराब होऊ नयेत म्हणून. खाण्याच्या अंड्यांसाठी ते ठीकच, पण बसवायच्या अंड्यांसाठी कारण वेगळं होतं आणि ते मला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात नीट कळलं.

त्या मे महिन्यात आजी नव्हती, आईचा गुडघा दुखत होता, मी सुट्टीला घरी होते, आणि मी ११ अंडी जमवून फ्रिजच्या वरच्या फळीवर ठेवली. फ्रिजमध्ये नाही, फ्रिजच्या वर. गोव्यातला मे, त्यात फ्रिजची ऊब. दहा-बारा दिवस ती अंडी तशी होती. कोंबडी बसली, पाचव्या-सहाव्या रात्री मी काळोखात मोबाइलचा टॉर्च लावून एकेक बघितलं. चांगल्या अंड्यात त्या दिवशी कोळ्यासारखं दिसतं, मध्ये काळा ठिपका आणि चहूबाजूंनी पसरलेल्या लाल शिरा. मला असे कोळी फक्त दोन दिसले. चार अंडी नुसती स्वच्छ पिवळी. आणि पाच अंड्यांत लाल कडी. एक बारीक लाल रिंगण, आत काही नाही. गर्भ वाढायला लागला, शिरा पसरल्या, आणि मग तो गेला की रक्त कडेला जमून राहतं त्याची ती कडी.

मी त्या रात्री पडवीत बराच वेळ बसले. पाच जीव सुरू होऊन गेले होते आणि ते माझ्या फळीमुळे.

कारण असं की थांबायला अंड्याला खरी थंडी लागते. वाढ पूर्ण बंद पडते ती साधारण २०-२१ अंशांच्या खाली, उबवणीवाले तर अंडी १५ ते १८ अंशांत ठेवतात, तीही आठवडाभरच, पुढे जोर कमी होत जातो. आणि २८-३० अंशांत काय होतं? ना धड झोप ना धड जाग. पेशी हळू हळू वाकड्यातिकड्या फुटत राहतात, कुणी पुढे कुणी मागे, आणि अशा दमलेल्या गर्भाला मग खरी ऊब मिळाली तरी पेलत नाही. आजीच्या माठाखाली काही १८ अंश नसणार, पण पाणी पाझरून उडतं तिथे गारवा धरतो आणि तेवढ्यावर बरंच निभावतं. शिवाय ती कोंबडी बसवायची श्रावणात. त्याला कारण साधं होतं, श्रावणात घरात अंडं फुटत नाही, मग अंडी साठतात, आणि हवाही गार असते. गेल्या वर्षी मी तेच केलं, माठ पुन्हा काढला, १० अंडी बसवली, ९ पिल्लं आली, आणि तिथेच लेकीने तो प्रश्न विचारला.

आता हे थांबणं नेमकं कुठे होतं ते सांगायला मला कॉलेजात जावं लागेल.

बीएस्सीला झूऑलॉजी घेतलेल्या सगळ्यांना त्या स्लाइड आठवत असतील. चिक एम्ब्रियो, १८ तास, २४ तास, ३३ तास, ४८, ७२, ९६. लालगुलाबी रंगवलेले होल माउंट, म्हणजे काचेवर बसवलेले आख्खे गर्भ, जर्नलमध्ये काढायचे, नावं द्यायची, सही घ्यायची. आम्ही तासांवरून पाठ करायचो. मग आमच्या सरांनी एक दिवस सांगितलं की तास विसरा, गर्भाच्या पाठीच्या मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ज्या विटा दिसतायत ना त्या मोजा. त्या विटा म्हणजे सोमाइट, पुढे त्यांच्यातून मणके आणि पाठीचे स्नायू होतात, आणि कोंबडीत दर ९० मिनिटांनी त्यांची एक जोडी पडते, इतक्या नेमाने की जोड्या मोजल्या की गर्भाचं वय कळतं. सर पुण्याला शिकलेले. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावर काम करण्याची परंपरा रुजवली, त्या स्वतः एडिनबरात भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या, आणि सरांच्या बोलण्यात ते नाव फार आदराने यायचं.

त्या स्लाइडमधली मला सगळ्यात कंटाळवाणी वाटायची ती १८ तासांची. काहीच नाही हो त्यात, एका लंबगोल डागात मधोमध एक रेघ. प्रिमिटिव्ह स्ट्रीक. डोकं नाही, डोळा नाही, हृदय नाही. आता मी म्हणेन की सगळ्या डब्यातली तीच स्लाइड बघायची. कारण तोपर्यंत ज्या ४०-६० हजार पेशी होत्या त्या पसरून बसलेल्या, साधारण एकसारख्या. ऊब मिळाल्यावर त्या चालायला लागतात, मधल्या रेघेकडे येतात, रेघेतून आत बुडी मारतात आणि खाली पसरतात, आणि एका थराचे तीन थर होतात. वर राहिल्या त्यांची त्वचा आणि मेंदू, मधल्यांचं हृदय, रक्त, हाडं, स्नायू, खालच्यांची आतडी आणि फुप्फुसं. याला गॅस्ट्रुलेशन म्हणतात. एकदा पेशी त्या रेघेतून आत गेली की तिची वाट ठरत जाते. कोंबडीचं अंडं थांबतं ते या रेघेच्या अगदी अलीकडे, म्हणजे हजारो पेशी तयार पण कुणाचं काहीच ठरलेलं नाही अशा जागी. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण थांबायचं तर याहून सोयीची जागा नाही. उलट धड थंडी नाही की धड ऊब नाही अशात गर्भ नीट थांबलाच नाही तर काय होतं ते मी टॉर्चच्या उजेडात बघितलंय.

हृदयाचं आलं म्हणून सांगते, सरांनी आम्हाला एकदा जिवंत दाखवलेलं. तीन दिवस उबवलेलं अंडं, कवचाला कात्रीने छोटी खिडकी पाडलेली. आत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक ठिपका, उडतोय. वर्गात चिडीचूप. हृदय खरं तर दुसऱ्याच दिवशी, ३३ ते ३६ तासांच्या सुमारास हलायला लागतं, पण नुसत्या डोळ्यांना छान दिसतं ते तिसऱ्या दिवशी, आणि ॲरिस्टॉटलनेही तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी रोज एकेक अंडं फोडून तिसऱ्या दिवशीचा तो उडणारा रक्ताचा ठिपका लिहून ठेवलाय. सरांनी खिडकीवर टेप लावली आणि अंडं परत इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. पुढे काय झालं ते आम्हाला त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

आता समुद्रावर येते, कारण थांबण्याचा दुसरा प्रकार मला मोरजीला कळला आणि तो पहिल्याच्या बरोबर उलटा आहे.

मोरजी, मांद्रे, आणि खाली दक्षिणेत आगोंद, गालजीबाग, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री येते, हातभर खड्डा काढते, शंभरेक अंडी घालते आणि परत पाण्यात जाते. भरतीचं पाणी पोचेल अशा जागी असतील, किंवा कुत्र्यांची भीती असेल, तर वनखात्याची माणसं अंडी उचलून कुंपणातल्या सुरक्षित जागेत पुरतात. आमच्या ओळखीतले एक काका तिथे रात्रपाळी करतात. यंदा फेब्रुवारीत लेकीला घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी लांबूनच दाखवलं आणि म्हणाले, "बाय, जे काय करायचं ते लगेच, आणि जसं उचललं तसंच ठेवायचं, वरची बाजू वर. फिरवलं तर गेलं."

लेक लगेच म्हणाली, पण आमची तांबडी तर दिवसातून किती वेळा अंडी फिरवते!

खरं आहे. कोंबडी चोचीने अंडी सारखी परतत असते आणि नाही परतली तर गर्भ वर तरंगून कवचाच्या आतल्या सालीला चिकटतो आणि बिघडतो. कोंबडीच्या अंड्यात त्यासाठी सोय आहे, बलकाच्या दोन बाजूंना पांढरे पीळदार दोर असतात (बरेच जण घाण समजून चमच्याने काढतात, घाण नाही ती), त्यांच्यावर बलक झुल्यासारखा फिरतो आणि अंडं कसंही ठेवा, ठिपक्याची हलकी बाजू वरच येते. कासवाच्या अंड्यात हे दोर नाहीत. तिथे गर्भ वर येऊन कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि त्याने चिकटायचंच असतं, तिथूनच तो श्वास घेणार. चिकटल्यावर अंडं उलटलं तर तो फाटतो किंवा बलकाखाली दबतो. वाळूत पुरलेलं अंडं फिरवायला कोण येणार, म्हणून त्याची तऱ्हाच तशी.

पण मग "लगेच" का? कारण कासवाचं अंडं थांबतं ते घातल्यानंतर नाही, घालायच्या आधी. आईच्या पोटात गर्भ गॅस्ट्रुलेशनच्या मध्यापर्यंत येतो आणि अडतो. तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, अंडी चिकट द्रवात बुडालेली, आणि हवा नाही म्हणून वाढ नाही. मादी योग्य किनारा, योग्य रात्र बघत फिरली तरी पोटातली अंडी तशीच थांबून राहतात. वाळूत पडली, हवा लागली, की काही तासांतच घड्याळ सुरू. गर्भ वर सरकतो, चिकटतो, आणि कवचावर वरच्या बाजूला एक दुधी पांढरा डाग उठतो. काकांची सगळी धावपळ असते ती या काही तासांची. त्यांना गॅस्ट्रुलेशन शब्द ठाऊक नाही, पण तो डाग कधी येतो आणि त्यानंतर हात का लावायचा नाही हे त्यांनी लेकीला इतकं नीट सांगितलं की मी नुसती ऐकत राहिले.

म्हणजे कोंबडीचं अंडं थंडीने थांबतं आणि उबेने सुटतं, कासवाचं कोंडल्याने थांबतं आणि हवेने सुटतं. एक तीन थरांच्या त्या पायरीच्या अलीकडे, एक अर्ध्या पायरीवर. आणि सुटल्यावर काही दिवस दोघं दिसतात इतकी सारखी की विचारू नका. फॉन बेअर नावाचा शास्त्रज्ञ, ज्याने १८२७ मध्ये सस्तन प्राण्याचं अंडं पहिल्यांदा बघितलं, त्याने पुढच्या वर्षी लिहिलंय की त्याच्याकडे स्पिरिटमध्ये ठेवलेले दोन छोटे गर्भ होते, नाव लिहायचं राहिलं, आणि आता ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे त्याला सांगता येत नव्हतं. फॉन बेअरला!

पुढे वाटा वेगळ्या होतात. कासवाच्या पिल्लाचं नर-मादी ठरतं तेसुद्धा वाळूच्या उबेवर, आणि तेही उबवणीच्या मधल्या टप्प्यात. साधारण ३० अंशांच्या आसपास निम्मे-निम्मे, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त, गार वाळूत नर जास्त. किनारे तापत चाललेत त्याचं मला जे भय वाटतं ते इथलं आहे, पण तो विषय वेगळा लिहीन.

ऑस्ट्रेलियात टॅमर वॉलबी म्हणून छोटा कांगारू आहे, त्याचा गर्भ ८०-१०० पेशींचा होऊन ११ महिन्यांपर्यंत तसाच थांबतो, आधी पिशवीतलं पिल्लू दूध पीत असतं म्हणून, आणि नंतर ऋतूमुळे. उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस उलटून दिवस लहान व्हायला लागले की हा पुढे.

आणि माणसाचा गर्भ? तो आपण थांबवायला शिकलो. माझ्या मावसबहिणीचे गर्भ सध्या पणजीजवळच्या एका ठिकाणी उणे १९६ अंशांत, द्रव नायट्रोजनमध्ये आहेत. पाच दिवसांचे. पहिल्या वेळी जमलं नाही, आता तिची तब्येत सुधारली की पुढचं. ती मला रात्री फोन करून विचारते की अगं त्यांना काही होत नाही ना इतके दिवस, आणि मी तिला कोलकात्याचे डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांची गोष्ट सांगते. १९७८ च्या जुलैमध्ये इंग्लंडात जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा जन्मली, आणि ती जन्मली गोठवून ठेवलेल्या गर्भातून. आठ पेशींचा गर्भ, ५३ दिवस थांबलेला. साधं उपकरण, घरगुती म्हणावं असं सामान, आणि जगात तोवर हे कुणी केलेलं नव्हतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी झाली, परिषदांना जाऊ दिलं नाही, १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. १९९७ मध्ये, भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचं श्रेय ज्यांना मिळालं होतं त्या टी. सी. आनंदकुमार यांनी त्यांची टिपणं वाचली आणि जाहीर सांगितलं की भारतातलं पहिलं श्रेय माझं नाही, त्यांचं. हा शेवटचा भाग मी बहिणीला सांगत नाही. तिला ५३ दिवसांचंच सांगते. आणि हे सांगते की १५-१८ अंशांतलं कोंबडीचं अंडं आठवड्याने दमतं, पण उणे १९६ ला पेशीत काही म्हणजे काहीच हलत नाही, तिथे दमायला वेळच उरत नाही.

ती म्हणते, म्हणजे ते थांबलेत, मेले नाहीत. मी म्हणते, हो गं, थांबलेत.

मोरजीहून परत आलो त्याच आठवड्यात तांबडी पुन्हा खुडूक झाली. रात्री गारवा होता, माठाखाली आठ अंडी जमलेली, लेकीने प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि एका बाजूला गोल काढला, कोंबडी खरंच फिरवते का बघायला. मग कालनिर्णयवर दोन खुणा केल्या. तांबडी बसली त्या दिवसापासून २१ दिवस मोजून एक, आणि काकांनी कुंपणात अंडी पुरली त्या रात्रीपासून ५० दिवस मोजून दुसरी. काका म्हणालेत ४५ ते ६० मध्ये कधीही, वाळू कशी तापते त्यावर, म्हणून तिने दुसऱ्या खुणेच्या मागे-पुढे आठवडाभर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवलीय.